आगाखान पॅलेस : महाल, तुरुंग आणि मागच्या अंगणातल्या दोन समाधी

वनाझहून रामवाडीला जाणारी मेट्रो येरवडा स्थानक सोडलं की नगर रस्त्यापासून बाजूला होते, कल्याणीनगरात शिरते आणि वळसा घालून पुन्हा नगर रस्त्याला लागते. हा वळसा मूळ आराखड्यात नव्हता. मार्ग नगर रस्त्यावरूनच सरळ जायचा होता. पण त्या रस्त्याला लागून आगाखान पॅलेस आहे, आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करायला कायद्यानं बंदी आहे. मेट्रोच्या खांबांनाही त्यातून सूट मिळाली नाही, आणि मार्गच वळवावा लागला.

एवढ्या मोठ्या प्रकल्पाला वाट वाकडी करायला लावणारं असं या वाड्यात आहे तरी काय? पुण्यात वाढलेल्या बहुतेकांनी तो शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. पांढऱ्या कमानी, मोठी हिरवळ, गांधीजींचा चरखा आणि बाहेर आल्यावर डबा. पुढं बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला घेऊन आणखी एखादी चक्कर. पण ही जागा राष्ट्राची कशामुळे झाली, असं कुणी विचारलं तर ‘गांधीजींना इथं ठेवलं होतं ना’ याच्या पुढं उत्तर सहसा जात नाही. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. सगळ्यात महत्त्वाचा भाग त्यातून सुटतो.

आधी कायद्याचं बघू, कारण तिथंच एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळं यांच्याबद्दलचा केंद्राचा कायदा १९५८ चा. त्यानुसार एखादी वास्तू ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ म्हणून जाहीर व्हायची तर ती किमान १०० वर्षं जुनी असावी लागते. एकदा जाहीर झाली की तिची देखरेख भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे जाते. २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र ठरलं. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. आजूबाजूला मॉल आणि मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या तरी पॅलेसच्या डोक्यावर मोकळं आकाश राहिलं, त्यात या नियमाचा वाटा आहे.

आगाखान पॅलेसला हा दर्जा मिळाला २००३ मध्ये. वाड्याचं साल १८९२ असं नोंदवलेलं आहे, म्हणजे शंभरी भरलेली होती. कायद्यानं वय मोजलं ते या भिंतींचं. पण ज्या घटनांमुळे ही जागा राष्ट्राची ठरली त्या घडल्या १९४२ ते १९४४ या काळात. २००३ मध्ये त्यांना जेमतेम साठ वर्षं झाली होती. नुसत्या वयावर आणि देखणेपणावर राष्ट्रीय स्मारक ठरायचं असतं तर लष्कर भागातले कितीतरी जुने बंगले रांगेत उभे राहिले असते. या वाड्याचं मोल समजून घ्यायचं तर त्याच्या कमानींकडून नजर काढून तिथं काय घडलं तिकडे वळावं लागतं.

तरी वाड्याच्या पहिल्या आयुष्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तेही चांगलं आहे. तो बांधला सुलतान महंमद शाह, तिसरे आगाखान यांनी. आगाखान म्हणजे निझारी इस्माइली मुस्लिमांचे इमाम, आणि हे त्या परंपरेतले ४८ वे. या घराण्याचा मुंबई-पुण्याशी जुना संबंध होता. दुसरे आगाखान १८८५ मध्ये वारले ते पुण्यातच. तेव्हा तिसरे आगाखान सात वर्षांचे होते, आणि त्या वयात इमामपद त्यांच्याकडे आलं. १८९२ मध्ये ते पंधरा वर्षांच्या आसपासचे. घराण्याचा कारभार बघण्यात आईचा मोठा वाटा होता.

पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत दुष्काळानं लोकांची दैना झाली होती. त्यांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं, असं या वाड्याबद्दल नोंदवलेलं आहे. महाराष्ट्रात ‘दुष्काळी काम’ कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी अजून घराघरांत आहे. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्त्याची कामं, आणि त्यातून पुढं उभी राहिलेली रोजगार हमी योजना. हा वाडा त्याच वळणाचा, फक्त ऐंशी वर्षं आधीचा आणि खाजगी पैशातला. आज ज्या इटालियन धाटणीच्या कमानींपुढं लोक फोटो काढतात, त्यांच्या मागं उपाशी माणसांचे हात आहेत. जवळजवळ १९ एकरांच्या या आवारात त्या माणसांची नावं कुठंही नाहीत. ती असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

पुढं हेच तिसरे आगाखान १९०६ मध्ये व्हाइसरॉयला भेटलेल्या मुस्लिम शिष्टमंडळाचे नेते झाले, आणि मुस्लिम लीगचे पहिले मानद अध्यक्षही. म्हणजे लीगच्या संस्थापकांपैकी एकाच्या घरात आज गांधीजींचं स्मारक आहे, आणि ते देशाला दिलं त्यांच्याच नातवानं. इतिहास शाळेतल्या धड्यासारखा सरळ रेषेत जात नाही, हे मुलांना दाखवायला पुण्यात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आता १९४२. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँक मैदानावर काँग्रेस महासमितीनं ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर केला. दुसऱ्या दिवशी पहाट व्हायच्या आत पोलिसांनी गांधीजी, त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई आणि इंग्रज शिष्या मीराबेन यांना बिर्ला हाउसमधून ताब्यात घेतलं. सरोजिनी नायडूही पकडल्या गेल्या. पकडलेल्या नेत्यांना खास गाडीनं घाटावर आणलं. कार्यकारिणीतले नेहरू, पटेल, मौलाना आझाद वगैरे मंडळी नगरच्या किल्ल्यात गेली. गांधीजी आणि त्यांच्या बरोबरच्यांना चिंचवडला उतरवून मोटारीनं आगाखान पॅलेसवर नेलं.

इथं कुणालाही प्रश्न पडेल. जवळच येरवड्याचा तुरुंग होता. गांधीजी तिथं एकदा नव्हे, अनेकदा राहिलेले. १९२४ मध्ये अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना ससूनमध्ये हलवलं ते तिथूनच, आणि १९३२ चा पुणे करार झाला तोही येरवड्यातच. मग यावेळी महाल कशाला? याचं एक उत्तर वयात सापडतं. गांधीजी ७२ वर्षांचे होते, आणि साध्या कोठडीत त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर ते सरकारला फार महागात पडलं असतं. दुसरं उत्तर एकटेपणात आहे. येरवड्यात शेकडो कैदी, पहारेकरी, निरोपांची ये-जा. नगर रस्त्यावरचा हा वाडा तेव्हा गावाबाहेर होता, एकाकी. भोवती काटेरी तारांचं कुंपण घातलं, पहारा बसवला, सुरुवातीला वर्तमानपत्रंही दिली नाहीत. कोठडीपेक्षा इथं हवा जास्त आणि जगाशी संबंध कमी.

गांधीजींना हा थाट टोचत होता. १९४४ च्या मार्चमध्ये त्यांनी सरकारला लिहिलेल्या पत्रात हे स्पष्ट आहे. एवढ्या अवाढव्य जागेत, एवढा पहारा ठेवून मला डांबणं ही जनतेच्या पैशाची उधळपट्टी आहे, मला कुठल्याही तुरुंगात ठेवा, मी समाधानानं राहीन, असा त्या मजकुराचा आशय. ‘गांधीजींना काय, महालात ठेवलं होतं’ असं बोलणारे आजही भेटतात, त्यांनी हे पत्र लक्षात ठेवावं. आणि त्या महालात शिरलेल्या त्या छोट्याशा मंडळीतली दोन माणसं जिवंत बाहेर आली नाहीत, हेही.

पहिले गेले महादेवभाई.

महादेवभाई देसाई यांना आपण ‘गांधीजींचे चिटणीस’ म्हणतो आणि तिथंच थांबतो. त्यांचा जन्म १ जानेवारी १८९२ चा, सुरत जिल्ह्यातल्या सरस गावचा. म्हणजे ते आणि हा वाडा एकाच सालचे. १९१७ मध्ये ते गांधीजींकडे आले आणि पुढची पंचवीस वर्षं सावलीसारखे राहिले. गांधीजी कुणाशी काय बोलले, कुठं गेले, काय खाल्लं, कशावरून चिडले, हे सगळं त्यांनी रोजनिशीत टिपून ठेवलं. गांधीजींची आत्मकथा गुजरातीतून इंग्रजीत आणली तीही त्यांनीच. जगानं गांधी वाचले ते बऱ्याच अंशी महादेवभाईंच्या शब्दांतून.

१५ ऑगस्ट १९४२ ची सकाळ. अटक होऊन सहा दिवस झाले होते. तुरुंग खात्याचे महानिरीक्षक कर्नल भंडारी वाड्यावर आले होते, आणि सरोजिनी नायडूंच्या खोलीत त्यांच्याशी हसतखेळत बोलत असतानाच महादेवभाईंना घेरी आली. हृदयविकाराचा झटका होता. डॉ. सुशीला नय्यर वाड्यातच होत्या, त्यांनी धावपळ केली, गांधीजी आले, ‘महादेव, महादेव’ अशा हाका मारत राहिले. डोळे उघडले नाहीत. वय ५०.

गांधीजी जेलमध्ये उपोषणाला बसतील आणि त्यातून उठणार नाहीत, ही धास्ती महादेवभाईंच्या मनात त्या दिवसांत सतत होती. त्यांच्याआधी आपण जावं, असं ते बोलून दाखवत.

गांधीजींनी त्यांच्या देहाला स्वतः आंघोळ घातली. बाहेरच्या कुणाला येऊ द्यायचं नाही म्हणून दहन वाड्याच्याच आवारात करायचं ठरलं. अग्नीही गांधीजींनीच दिला. महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन आणि मुलगा नारायण तेव्हा सेवाग्रामला होते. त्यांच्यासाठी गांधीजींनी तारेचा मजकूर लिहून दिला. सरकारनं तो तारेनं न पाठवता टपालानं धाडला, आणि तो पोचायला कित्येक दिवस गेले. लष्कराच्या तोफा-बंदुका जे करतात त्याबद्दल इतिहासाच्या पुस्तकात भरपूर असतं. एका विधवेला नवऱ्याच्या मरणाची तार टपालानं पाठवणारी कचेरीसुद्धा त्याच राजवटीची होती, हे मात्र इथं येऊन कळतं.

त्या दिवसापासून गांधीजींचा फिरण्याचा रस्ता बदलला. रोज दहनाच्या जागेपर्यंत जायचं, फुलं वाहायची, गीता म्हणायची. बंद कुंपणाच्या आत, ज्या वाड्याशी आपलं काही नातं नाही त्याच्या आवारात, कैद्यांनी स्वतःचं एक देवस्थान करून घेतलं होतं. आज आपण ज्याला स्मारक म्हणतो त्याची सुरुवात मला तिथं दिसते. कुठलाही ठराव नव्हता आणि कोनशिलाही नव्हती.

गांधीजींच्या फेब्रुवारी १९४३ मधल्या उपोषणाबद्दल बरंच लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. १९४२ च्या आंदोलनातल्या हिंसेचं खापर सरकार काँग्रेसवर फोडत होतं. त्याला उत्तर म्हणून गांधीजींनी १० फेब्रुवारी ते ३ मार्च असं २१ दिवसांचं उपोषण याच वाड्यात केलं. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी त्याला राजकीय दमदाटी म्हटलं. उपोषणापुरतं सोडायची तयारी सरकारनं दाखवली, ती गांधीजींनी नाकारली. मधल्या दिवसांत प्रकृती इतकी खालावली की डॉक्टरांनी आशा सोडल्यासारखी होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले : होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि आपले यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे. बापूजी अणे यांचं हे पाऊल महाराष्ट्रानं जितकं लक्षात ठेवायला हवं तितकं ठेवलेलं नाही.

गांधीजी तरले. वर्ष उलटायच्या आत बा गेल्या.

कस्तुरबांची गोष्ट सांगताना आपण एक चूक सर्रास करतो. नवऱ्याला पकडलं म्हणून बायकोही मागोमाग आली, अशी ती सांगितली जाते. झालं होतं ते असं : ९ ऑगस्टच्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर गांधीजींची सभा ठरलेली होती. ते पहाटेच पकडले गेले. तेव्हा कस्तुरबांनी सांगितलं, सभेत मी बोलेन. त्या निघाल्या आणि पोलिसांनी त्यांना अटक केली. बरोबर डॉ. सुशीला नय्यर. आधी आर्थर रोडच्या तुरुंगात ठेवलं आणि ११ ऑगस्टला पुण्याला आणलं. म्हणजे त्या पुण्यात आल्या त्या स्वतःच्या हक्काच्या राजकीय कैदी म्हणून. तुरुंग त्यांना नवाही नव्हता. दक्षिण आफ्रिकेत १९१३ च्या सत्याग्रहात त्यांनी तीन महिने सक्तमजुरी भोगली होती, १९३९ मध्ये राजकोटच्या लढ्यात नजरकैद सोसली होती. सत्तरी ओलांडलेली, दुखणाईत बाई मैदानात भाषण करायला निघते आणि साम्राज्याला तिला अडवावंसं वाटतं, यातच सगळं आलं.

वाड्यातल्या त्यांच्या दिवसांबद्दल जे कळतं ते फार जिवंत आहे. गांधीजी त्यांना वाचायला शिकवत, भूगोल शिकवत. प्रांतांची नावं आणि त्यांच्या राजधान्या पाठ करायच्या, त्या काही केल्या लक्षात राहायच्या नाहीत. मीराबेनबरोबर कॅरम खेळायला त्यांना आवडे. महादेवभाईंचं जाणं मात्र त्यांच्या मनातून गेलं नाही. पोटच्या पोरासारखा माणूस डोळ्यांदेखत गेला होता.

१९४३ च्या अखेरीस त्यांच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. झटके येऊ लागले. आपल्या माणसांना भेटू देणं, हवा तो डॉक्टर आणू देणं, प्रत्येक गोष्टीसाठी अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. पुण्याचे निसर्गोपचारतज्ज्ञ डॉ. दिनशा मेहता यांना यायला परवानगी मिळाली, पण उशिरानं. लाहोरचे वैद्य शिव शर्मा आले, तर त्यांना रात्री आवारात थांबू देईनात. रात्री-अपरात्री गरज पडली तर जवळ असावं म्हणून त्या वैद्यांनी फाटकाबाहेर मोटारीत झोपून रात्री काढल्या. नगर रस्त्याच्या त्याच फाटकाबाहेर आज रिक्षा उभ्या असतात.

शेवटी न्यूमोनिया झाला. धाकटे चिरंजीव देवदास यांनी कलकत्त्याहून विमानानं पेनिसिलिन मागवलं. ते औषध तेव्हा नवं आणि अत्यंत दुर्मीळ. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजी नको म्हणाले. आता तिला शांतपणे जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनाही फारशी आशा उरलेली नव्हती. यावरून गांधीजींवर आजवर कठोर टीका झाली आहे, विशेषतः पुढं काही आठवड्यांनी मलेरियात त्यांनी स्वतः क्विनाइन घेतलं म्हणून. मला वाटतं, ही टीका ऐकून घ्यावी, दडपू नये. स्मारकात देव बसवायचा नसतो, माणसं समजून घ्यायची असतात. आणि त्याच वेळी हेही बघावं की मरणाच्या दारातल्या बाईला शेवटपर्यंत कैदेत ठेवायचा निर्णय नवऱ्याचा नव्हता, सरकारचा होता.

२२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्र. संध्याकाळी गांधीजींच्या मांडीवर डोकं असताना बा गेल्या.

देह मुलांच्या ताब्यात द्या, सार्वजनिक अंत्यसंस्कार होऊ द्या, ही मागणी सरकारनं मानली नाही. पुन्हा तीच जागा, महादेवभाईंच्या शेजारी. नातलग आणि स्नेही मिळून दीडशेच्या आतबाहेर माणसांना आत सोडलं. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी बांना नेसवली होती. अग्नी देवदास यांनी दिला. लोक गांधीजींना सांगत होते, उन्हात बसू नका, खोलीत जा. ते झाडाखाली बसून राहिले. बासष्ट वर्षांच्या सोबतीनंतर शेवटच्या घटकेला तिला सोडून कसा जाऊ, असं ते म्हणाले. नंतर राख गोळा करताना बांच्या हातातल्या काचेच्या पाच बांगड्या न तडकता मिळाल्या.

इकडे लंडनच्या पार्लमेंटात सांगितलं गेलं की कस्तुरबांना शक्य ते सगळे उपचार मिळाले. ते खोडून काढणारं सविस्तर पत्र गांधीजींनी सरकारला धाडलं. वर ज्याचा उल्लेख केला, महालावरच्या उधळपट्टीचं, तेही याच पत्रात आहे. बायको जाऊन पंधरा दिवसही झालेले नसताना माणूस मुद्देसूद पत्र लिहितो, तारखा देतो, कुठला अर्ज कधी केला आणि उत्तर कधी आलं ते मांडतो. दुःख आणि कागदपत्रं यांची अशी सांगड गांधीजींकडे नेहमी दिसते.

एप्रिलमध्ये त्यांना मलेरियानं गाठलं. कैदेतच ते गेले तर काय, या भीतीनं सरकारनं ६ मे १९४४ रोजी सकाळी त्यांना सोडलं. हा त्यांचा शेवटचा तुरुंगवास. जाण्याआधी त्यांनी मुंबई सरकारला एक पत्र लिहिलं. माझ्या मते आगाखान पॅलेसच्या स्मारकपणाचा हा पहिला दस्तऐवज. त्यात ते म्हणतात, महादेव आणि माझी पत्नी यांच्या दहनानं ही कुंपण घातलेली जागा पवित्र झाली आहे, सरकारनं ती ताब्यात घ्यावी, आगाखानांच्या आवारातून तिथवर जायची वाट राहावी, ज्या आप्तमित्रांना यायचं असेल त्यांना केव्हाही येता यावं. त्या जागेची निगा आणि रोजची प्रार्थना यांची सोय लावायची इच्छाही त्यांनी लिहून ठेवली.

नीट बघा, त्यांनी काय मागितलं. संपूर्ण वाडा त्यांनी मागितलेला नाही, पुतळा किंवा दालन तर दूरच. जमिनीचा एक तुकडा आणि तिथं जाण्याचा हक्क. राष्ट्रासाठी नव्हे, आप्तांसाठी.

बाकीचं पुढं होत गेलं. १९६९ मध्ये चौथे आगाखान प्रिन्स करीम यांनी संपूर्ण पॅलेस भारताला अर्पण केला. गांधी जन्मशताब्दीचं वर्ष म्हणून सगळीकडे त्याचा उल्लेख होतो. पण कस्तुरबाही १८६९ च्याच, गांधीजींपेक्षा काही महिन्यांनी मोठ्या. म्हणजे ती त्यांचीही जन्मशताब्दी होती, हे फारसं कुणी सांगत नाही. समाधिस्थळाची रचना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची. साबरमतीचं गांधी संग्रहालयही त्यांचंच. वाड्याच्या खोल्यांमध्ये छायाचित्रं, पत्रं, वापरातल्या वस्तू मांडल्या आहेत.

आता प्रतीकाचा मुद्दा. स्मारकाचा अर्थ बहुतेक वेळा बांधणारा ठरवतो. इंडिया गेट किंवा मुंबईचं गेटवे बघा : कुणासाठी, कशासाठी, हे आधी ठरलं, मग दगड रचले गेले. आगाखान पॅलेसचं उलटं आहे. बांधणाऱ्याच्या मनात दुष्काळग्रस्तांना रोजगार आणि राहायला देखणं घर, एवढंच होतं. कैद करणाऱ्याच्या मनात एका म्हाताऱ्याला गप्प बसवणं होतं. आज त्या जागेचा जो अर्थ आहे तो या दोघांपैकी कुणाच्याही मनात नव्हता. कुंपणाच्या आत कोंडलेल्या मूठभर माणसांच्या वागण्यातून तो तयार झाला. म्हणून इथल्या कमानींचं कौतुक करताना जरा हात आखडता घ्यावा असं मला वाटतं. त्या सुंदर आहेत, पण त्या वेष्टन आहेत.

याच कारणासाठी माझं सांगणं असतं की पॅलेसला गेलात तर क्रम उलटा ठेवा. सरळ मागं जा. शेजारी-शेजारी असलेल्या पांढऱ्या संगमरवराच्या दोन साध्या समाधी आहेत, त्या आधी बघा. एक कस्तुरबांची, एक महादेवभाईंची. बरेच पाहुणे त्यातली एक गांधीजींची समजतात. गांधीजींची समाधी दिल्लीत राजघाटावर आहे. इथं त्यांच्या अस्थींचा काही अंश ठेवलेला आहे, आणि तोही या दोघांच्या सोबतीला. ते पाहून झालं की मग वाड्यात या, खोल्या बघा, त्या लांब व्हरांड्यात उभं राहून कुंपण कुठवर असेल याचा अंदाज घ्या. मुलं बरोबर असतील तर त्यांना तारखा सांगा : ९ ऑगस्ट, ११ ऑगस्ट, १५ ऑगस्ट. महादेवभाई गेले आणि बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला, हे मुलं पटकन धरतात आणि विसरत नाहीत.

आणि एक स्मारक दगडाबाहेरचंही आहे. कस्तुरबांच्या मागं त्यांच्या नावानं निधी जमवायचं ठरलं. २ ऑक्टोबर १९४४ ला गांधीजींना ७५ वर्षं पूर्ण होणार म्हणून ७५ लाखांचं लक्ष्य होतं. जमले एक कोटीच्या वर. त्या काळात, तेही निम्मे पुढारी तुरुंगात असताना. हा पैसा शहरात इमारती उभारायला वापरायचा नाही, खेड्यातल्या बायका आणि मुलांसाठीच वापरायचा, अशी गांधीजींची अट होती. त्यातून कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट उभा राहिला. महाराष्ट्रात त्या कामाचा भार प्रेमाताई कंटक यांनी उचलला, पुण्याजवळ सासवडला आश्रम काढून. दिवे घाट चढून गेलं की लागतं ते सासवड. पॅलेस पाहून झाला आणि दिवस हाताशी असला, तर तिकडेही जाऊन यावं.